गुडघा किती वाकतो

४ मार्च

दादा,

साष्टांग नमस्कार घालायला दोन्ही गुडघे लागतात, म्हणून या वेळी नुसता नमस्कार घे.

फोन तू उचलत नाहीस. सुरुवातीला वाटलं, कामात असशील, हात सिमेंटच्या मालात बुडालेले असतील. पण सात आठवडे कुणाचे हात मालात बुडालेले नसतात. शेवटी हिनं वहिनीकडून तुझा पत्ता मागून घेतला. कागद बरा. फोन मधेच कापता येतो, कागद फाडायचा तरी आधी हातात घ्यावा लागतो.

माझं छान चाललंय. मांडीच्या मागची एक शीर काढून तिचंच नवं लिगामेंट केलं, हाडाला आरपार भोक पाडलं आणि दोन स्क्रू मारून घट्ट बसवलं. डॉक्टर चित्र काढून सांगत होते तेव्हा मला आपलंच काम आठवलं. भोक, खुंटी, स्क्रू, फक्त भिंतीच्या जागी मी. गुडघा आता नव्वदपर्यंत वाकतो, म्हणजे अगदी गुण्यात, काटकोनात. डॉक्टर खूश आहेत.

घरात सगळे फुलासारखं जपतात. आई दिवसातून चारदा येऊन गुडघ्याखालची उशी सारखी करते. उशी असली की अजिबात दुखत नाही. हिनं औषधांच्या दुकानातल्या कामाची वेळ बदलून घेतली आहे. मी जन्मात एवढा पडून राहिलो नव्हतो. तू असतास तर म्हणाला असतास, आयतोबा झालास.

पत्र लिहितोय ते एवढंच सांगायला, की माझा तुझ्यावर राग नाही. जिन्यात जे झालं ते झालं. तू वर होतास, मी खाली, मधे ती आठ फुटी फरशी. माझा पाय घसरला, गुडघ्यातून कट्‌ आवाज आला, मी पायऱ्यांवर आडवा झालो आणि वर बघतो तर तू फरशी धरून उभा. मला नाही, फरशीला धरून. त्या रंगाची दुसरी मिळाली नसती हे मलाही माहीत होतं. माणसाला अशा वेळी काय सुचेल सांगता येत नाही. तुला फरशी सुचली. कारागीर म्हणून मी समजू शकतो.

आईला ते समजणं अवघड आहे. दवाखान्याच्या दारात ती तुला म्हणाली, "तुला भावापेक्षा फरशी प्यारी. आता तिलाच भाऊ म्हण, मला तोंड दाखवू नकोस." ते जरा जास्तच झालं. पण मी स्ट्रेचरवर होतो, मला मधे पडता आलं नाही.

गाव सोडून जायच्या आधी तू एकदा आलास. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून म्हणालास, "गुडघ्यावर बसायला लागलास की कळव. मी येतो. मोठी फरशी एकट्यानं बसत नाही." मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, पण मी जागा होतो. मी ऐकलं. तर आता कळवतोय, थोडेच दिवस राहिलेत. मुकादमांनी त्या नव्या वाचनालयाचा मोठा हॉल आपल्या जोडीसाठी राखून ठेवलाय. मे महिन्यात आपण दोघं तिथे दोरी लावतोय असंच धर.

तुझा धाकटा


२९ मार्च

दादा,

उत्तर नाही आलं. चालेल. तू बोलतानाच शब्द मोजून देतोस, लिहिताना तर काय.

एक लहानशी दुरुस्ती आहे. मागच्या पत्रात नव्वद लिहिलं होतं, ते नव्वद नाही. फिजिओ बाई येतात त्यांनी आज त्यांची दोन पट्ट्यांची कोन मोजायची पट्टी लावली, तर बासष्ट भरलं. मी म्हटलं, तुमची पट्टी चुकत असेल. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तुमच्या धंद्यातलं काही असेल ते आणा." हिनं पेटीतून आपला लोखंडी गुण्या काढून दिला. बाईंनी तो गुडघ्याच्या मागून लावला. एक बाजू मांडीला टेकली आणि दुसरीपासून पोटरी चार बोटं लांब. गुण्या खोटं बोलत नाही हे तूच मला शिकवलंस. पाय सरळ करायला सांगितलं तर तोही होईना. गुडघ्याखालून बाईंचा हात आरामात आरपार गेला.

बाई वयानं लहान आहेत, मनगटं काडीसारखी. पण नजर वाईट. विचारलं, "टाच ओढायचा व्यायाम रोज करता ना?"

"करतो की."

"किती वेळा?"

"चाळीस."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तू फरशी बोटानं ठोकून कान लावतोस ना, पोकळ वाजते का बघायला, अगदी तसं. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

डॉक्टरांचं म्हणणं, आत चिकट जाळं धरलंय. जखम भरताना शरीर जरा जास्तच माल टाकतं आणि सगळं एकमेकांना चिकटून बसतं. आता भूल देऊन गुडघा जोर लावून वाकवायचा, म्हणजे ते सुटेल. वर गंमत म्हणून म्हणाले, "लोक म्हणतात मोडेन पण वाकणार नाही. तुमचा मोडलाही आणि वाकतही नाही." मी हसलो, हीही हसली. मग बाहेर बाकावर बसून ही रडली.

हे सगळं त्या एका क्षणाचं आहे, दादा. मी दोष देत नाही. पण आत एवढं जाळं धरायला मार केवढा बसला असेल, त्याचा विचार तू तिकडे बसून एकदा कर.

धाकटा


२० एप्रिल

दादा,

भूल देऊन वाकवला. जागा झालो तेव्हा डॉक्टरांनी फोनवर फोटो दाखवला. हिरव्या कापडात एक पाय, टाच काटकोनाच्याही आत आलेली. एकशे दहा अंश. म्हणाले, "हा तुमचाच." मला खरं वाटेना. एखाद्यानं आपल्या घराचा फोटो दाखवावा आणि आपण कधी तिथे राहिलोच नाही असं वाटावं, तसं झालं.

फिजिओ बाई त्याच दुपारी दारात हजर. "मिळालंय ते राखायचं. दर दोन तासांनी वाकवायचा. दुखेल. दुखलं तरी वाकवायचा." पहिल्या दिवशी शंभर होता. तिसऱ्या दिवशी नव्वद. मग ऐंशी. आज सत्तर आहे. हे सत्तर हिनं मोजलंय, मी नाही.

परवा बाईंनी गुडघ्याखालची उशी ओढून काढली. "ही कोणी ठेवली?"

"मी," आई म्हणाली. चेहऱ्यावर केवढा अभिमान. "पहिल्या दिवसापासून. एक दिवस चुकले नाही."

बाई आईला काही बोलल्या नाहीत. तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे. आई आत गेल्यावर हळू आवाजात मला म्हणाल्या, "गुडघा उशीवर ठेवला की बरं वाटतं, पण मग तो तसाच वाकडा धरतो. म्हणून सरळ होत नाही. आणि पहिले सहा आठवडे तुम्ही व्यायाम केलाच नव्हता. हो ना?"

मी हो म्हटलं. दादा, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पहिल्याच विचारण्यात खरं सांगितलं असेल, आणि तेही एका परक्या पोरीला.

का केला नाही ते सांगतो. हसू नकोस. ताजी फरशी बसवली की चोवीस तास तिच्यावर पाय ठेवायचा नाही, मोठी असेल तर तीन दिवस. हलली की आतून सुटते आणि मग कायमची पोकळ. हे तू मला मारून मारून शिकवलंस. मी शिकाऊ असताना एकदा ताज्या फरशीवरून चालत गेलो तर तू थापी फेकून मारली होतीस. डॉक्टरांनी सांगितलं ना, नवं लिगामेंट हाडात बसवलंय, तेव्हाच मी मनाशी ठरवलं की हे पक्कं धरेपर्यंत हलवायचं नाही. बाई सांगायच्या ओढा, मी म्हणायचो ओढतो, आणि त्या गेल्या की पाय उशीवर ठेवून ताज्या फरशीसारखा राखायचो. मला वाटायचं, बाईंना पुस्तकातलं कळतं, बसवलेलं कसं धरतं ते मला कळतं.

तू नेहमी म्हणायचास, माझी अक्कल गुडघ्यात आहे. आता तीही तिथेच अडकली.

वाचून बघितलं तर कळलं, की यातसुद्धा मी नियम तुझा होता असं म्हणून तुझ्यावरच ढकललंय. तसं नाही. दुखायचं म्हणून करत नव्हतो. आणि पडून होतो तोवर लाड होत होते, कुणी काही विचारत नव्हतं. फरशीचा नियम मी नंतर शोधला. नाचता येईना अंगण वाकडं.

आई अजून उशी आणते. मी ठेवू देतो. ती गेली की काढतो. कधी कधी नाही काढत.

धाकटा


११ जून

दादा,

मे महिना गेला.

मुकादम घरी आले होते. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "बरं, बसून दाखव." मी आपली गुडघ्याची पॅडं बांधली. स्वयंपाकघरात गेलो. तीच फरशी, आपण दोघांनी एका रविवारात बसवलेली. डावा गुडघा टेकला. उजवा अर्ध्यात अडला. खाली जाईना, मागे घडी होईना, बाजूला काढला तर मीच कलायला लागलो. ओट्याला धरलं, हात सुटला, आणि तोंडावर आपटलो. मुकादमांनी काखेत हात घालून उचललं. ही दारातच उभी होती. पुढे आली नाही. आली नाही ते बरंच झालं.

मुकादम म्हणाले, "घाई नाही." घाई नाही म्हणजे काय ते तुलाही कळतं आणि मलाही. हॉल दुसऱ्या जोडीला गेला. काका पुतणे आहेत, बरे आहेत म्हणे. कोपऱ्यात कापतुकडे लावतात, तू बघितलं असतंस तर जेवला नसतास.

फरश्यांच्या मोठ्या दुकानात बसायचं काम आहे असं कुणीतरी सुचवलं. नमुने दाखवायचे. गेलो होतो. दिवसभर खुर्चीत पाय पुढे ताणून बसावं लागतं. येणारं गिऱ्हाईक अडखळतं आणि मग तेच माझी माफी मागतं. चार दिवसांनी मालक म्हणाले, "तुम्हालाच त्रास होतोय." मी घरी आलो.

बाई अजून आठवड्यातून एकदा येतात. आता रागावत नाहीत. रागवायच्या तेव्हा बरं होतं. राग होता म्हणजे काहीतरी होईल असं त्यांना वाटत होतं.

जिना चढताना एक एक पायरी घेतो, लहान मूल घेतं तसा. बसमधल्या माणसांना वाटतं मी मुद्दाम पाय मधे घातलाय. दादा, मी खचलोय. हे मी हिला सांगत नाही, आईला तर नाहीच. तुला सांगतोय कारण तू उत्तर देत नाहीस.

धाकटा


३ ऑगस्ट

दादा,

आज त्या घरी गेलो होतो. ज्या घराच्या जिन्यात पडलो, त्याच.

मालकीणबाईंचा फोन आला की स्वयंपाकघरातली एक फरशी हलतेय, तुमच्या भावाला पाठवा. भाऊ इथे नाही म्हटलं. तर म्हणाल्या, मग तुम्ही या. मी का गेलो माहीत नाही. काठी घेऊन गेलो.

खिडकीजवळची तिसरी रांग, दुसरी फरशी. ती मी बसवली होती. तू त्या दिवशी वर माप घेत होतास आणि तिथूनच ओरडून विचारलंस, "कडेला माल भरला का?" मी म्हटलं, "झालं." पुढच्या दोन दिवसांत तू ठोकून तपासणार होतास, तेवढ्यात जिना झाला. आता मला खाली बसून ठोकता येईना, म्हणून काठीनं ठोकली. भोपळ्यासारखी वाजली. मालकीणबाई म्हणाल्या, "मलासुद्धा ऐकू आलं हो."

मग त्यांनी मला ती आठ फुटी फरशी दाखवली. वरच्या मजल्यावर जेवायच्या टेबलावर बसवून घेतली आहे. एक टवका नाही. मी हात फिरवला. बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाचं मला अजून नवल वाटतं. मी वरून ओरडत होते, अहो सोडा ती, ठेवा खाली, हात कापतोय तुमचा. कडेवरून रक्त ओघळत होतं. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, 'खाली माझा भाऊ आहे.' माझे यजमान धावत येईपर्यंत एकटे धरून उभे. नंतर आम्हा दोघांना ती उचलेना."

मी पाणी प्यालो.

दादा, त्यांनी मला नवीन काही सांगितलं नाही. मला माहीत होतं. तू सोडली असतीस तर ती सरळ माझ्या छातीवर आली असती. मी पायऱ्यांवर उताणा पडलो होतो आणि फरशीची खालची कड माझ्या गळ्यापासून एक हातावर होती. वर तुझा चेहरा होता. दात आवळलेले, डोळे माझ्यावर. फरशीवर नाही, माझ्यावर. ते मी बघितलं. आणि तरी दवाखान्यात आईनं विचारलं, "त्यानं तुला धरलं नाही?" तर मी म्हटलं, "त्यानं फरशी धरली." एवढंच. एक शब्द खोटा नाही त्यात.

आणि जिना. कटरचं पाणी सांडून पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. तू दोनदा म्हणालास, "जिना पुसून घे, मग उचलू." मी म्हटलं, "पुसला." पुसला नव्हता. फडकं बादलीत तसंच कोरडं पडलं होतं. तू विश्वास ठेवलास. माझ्या प्रत्येक फरशीवर ठोकून बघणारा तू, आणि त्या दिवशी नेमका जिना तेवढा बघितला नाहीस.

आईनं विचारलं तेव्हा मला भीती वाटली, की आता पुढचा प्रश्न येईल, घसरलास कसा. तो येऊ नये म्हणून मी ते बोललो. आणि तो आलाच नाही. तुझ्यावर सगळं इतकं पटकन बसलं, की मलाच आश्चर्य वाटलं. तू तिथेच होतास. हाताला फडकं गुंडाळलेलं. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, मी सांगेन म्हणून थांबलास आणि मग निघालास.

हे तुला माहीतच आहे. मला माहीत आहे हे तुला माहीत नसेल, म्हणून लिहिलं.

धाकटा


१० ऑगस्ट

दादा,

आईला सांगितलं.

पूर्ण सांगितलं. कोरडं फडकं, निसरड्या पायऱ्या, तुझा हात, मालकीणबाई. ती शेंगा सोलाव्यात तसं डाव्या हाताच्या बोटांशी चाळा करत ऐकत होती. माझं संपल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "किती रे तुझं मन मोठं."

मी म्हटलं, "आई, मन मोठं नाही, मी खोटं बोललो होतो."

"पाय कायमचा गेला तरी भावाला पाठीशी घालतोस. आणि तो? एक चिठ्ठी नाही, चपाटी नाही."

"अगं, तो काही बोलला नाही कारण—"

"बोलेल कशाला? चोर तो. तू नको सांगूस मला. मी तुम्हा दोघांना वाढवलंय."

मी म्हटलं, चल, त्या बाईंकडे जाऊ, त्यांच्या तोंडून ऐक. तर म्हणाली, त्यांची फरशी वाचली, त्या त्याचंच गुणगान गाणार. मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा आईवर ओरडलो. ती घाबरली नाही, उलट हिला म्हणाली, "बघ, दुखतंय त्याला, म्हणून चिडतो." आणि आत जाऊन उशी घेऊन आली.

आता ही गोष्ट नातेवाइकांत पसरली आहे. मावशीचा फोन आला, तुझ्यासारखा भाऊ मिळायला भाग्य लागतं म्हणून. मी खरं सांगतो त्यानं मी आणखी मोठा होतो आणि तू आणखी लहान. कुठल्या बाजूनं छिन्नी लावू सांग. पहिल्या महिनाभरात खरं बोललो असतो तर निघालं असतं. आता धरलंय. गुडघ्यासारखंच.

विश्वास ठेवणारं एकच माणूस. ही. सगळं ऐकून दोन दिवस माझ्याशीच बोलली नाही. मला त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

धाकटा


१४ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड काल आलं. आठ महिने मी पत्रं लिहितोय आणि तुझ्याकडून आली ती एकच ओळ. "गुडघा किती वाकतो ते खरं लिही." खाली सहीसुद्धा नाही. सही कशाला हवी, तो तुझा ठोकून बघण्याचा आवाज आहे.

काल दिवसभर कार्ड खिशात घेऊन फिरलो. मला कळतं तू काय विचारतोयस. तुझी अट तू विसरला नाहीस. वहिनीनं हिला सांगितलंय, तू तिकडे एकट्यानं न्हाणीघरांच्या लहान फरश्या बसवतोस, जोडीदार घेत नाहीस. मी एकशे वीस लिहिलं तर तू पुढच्या आठवड्यात पेटी घेऊन दारात उभा राहशील. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी कागदावर एकशे वीस लिहूनही बघितलं. अक्षर छान आलं होतं. आईसुद्धा दारात आलेल्या मुलाला घालवून देणार नाही, असंही मनात आलं. मग तो कागद फाडला.

तर खरं लिहितो.

सप्टेंबरात दुर्बिणीतून आत जाऊन जाळं कापलं. त्यानंतर मी व्यायाम केले, दादा. खरे. चाळीस म्हणजे चाळीस, ही समोर खुर्चीत बसून मोजायची. पंचवीसच्या पुढे मी तोंडात टॉवेल धरायचो. दोन महिन्यांत एक वेळ चुकवली नाही. आधी केलं असतंत तर, असं फिजिओ बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी पट्टी लावली, हिनं लावली, मग गुण्या लावला. मी हात लावला नाही.

चौऱ्याहत्तर. चार अंश वाढले.

सरळ व्हायला तेरा कमी पडतात. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा आत जाण्यात अर्थ नाही, हा आता असाच. मी विचारलं, असाच म्हणजे किती दिवस. त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाले, "सवय होते."

गुडघ्यावर बसता येत नाही. येणार नाही. गुण्या लावला की मधून अजून उजेड दिसतो. मोठी फरशी एकट्यानं बसत नाही हे तू म्हणालास, आणि दुसरा माणूस आता मी नाही. तिकडे एखादा जोडीदार बघ. जिना पुसतो का, ते आधी बघून घे.

इथे ये असं लिहायची माझी छाती नाही. आईनं मला दिलेला मोठेपणा तू येऊन बघावास असंही मला वाटत नाही. ती रोज तुला नावं ठेवते आणि संध्याकाळी दाराचा आवाज झाला की मान वर करते. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलं.

सगळी पत्रं मी गुडघ्याचीच लिहिली. काल कार्ड हातात घेतलं तेव्हा तुझं अक्षर बघितलं. पूर्वी रेघ मारल्यासारखं सरळ असायचं, आता ओळ खाली घसरत गेली आहे आणि 'खरं' दोनदा गिरवलंय. तेव्हा लक्षात आलं की मी एकदाही विचारलं नाही.

दादा, त्या दिवशी तुझ्या हाताला किती टाके पडले? बोटं मिटतात का सगळी? उजवा होता की डावा, हेसुद्धा मला आठवत नाही.

तुझा धाकटा